दोराखालचा माणूस

कापसाच्या हंगामात नांदगाव पेठच्या टोलनाक्याजवळ तासभर उभं राहावं. वऱ्हाडातलं ओझं कसं हलतं ते तिथं दिसतं. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा झालेला महामार्ग अमरावती मागं टाकून नागपूरकडे निघतो तो याच गावावरून. नाक्यापाशी गाड्या हळू होतात, तेव्हा त्यांच्या पाठीवर काय आहे आणि ते कशानं आवळलंय हे नीट न्याहाळता येतं. कुटाराची गाडी लांबूनच ओळखू येते. दोन्ही अंगांनी इतकी फुगलेली, की खाली चाकं असावीत असा नुसता अंदाज बांधायचा. तो सगळा फुगारा एका जाळीनं धरलेला असतो. तिच्या मागं सुट्या कापसाचा मेटॅडोर, फळ्या लावून उंच केलेला, वरून जाळी ताणलेली आणि जाळीच्या घराघरातून कापूस बाहेर आलेला. मग जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठींचा ट्रक. एक गाठ १७० किलोची, आणि सौदा होतो तो शंभर गाठींचा. म्हणजे १७ टन. अधूनमधून एखादा ट्रेलर एमआयडीसीकडे वळतो. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं गिरणीचं यंत्र साखळ्यांनी जखडलेलं असतं.

हे सगळं बांधलेलं ओझं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक ओझ्याच्या प्रवासात एक वेळ अशी येते, की ते जमिनीवर नसतं आणि गाडीवरही नसतं. दोराला, पट्ट्याला, साखळीला किंवा जाळीला ते लोंबत असतं. ती वेळ अर्ध्या मिनिटाची असेल, पण माणसं मरतात ती बहुतेक त्याच अर्ध्या मिनिटात.

आपल्याकडे म्हण आहे, शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं. म्हण करणाऱ्याचं लक्ष सगळं बोक्याकडे. त्या वेळी शिंक्याखाली कोणी बसलं होतं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. दहीभाताच्या गाडग्यापुरतं ते ठीक होतं. टनाटनाच्या मालाला मात्र पहिला प्रश्न तोच विचारावा लागतो.

जहाजावर माल चढवायची जाळी म्हणजे मोठं शिंकंच. साधारण तीन-साडेतीन मीटर चौरस. चारी कडांना जाड दोर, आत त्याहून बारीक दोरांची उभी-आडवी घरं, आणि चार कोपऱ्यांना चार डोळे. जाळी जमिनीवर अंथरायची, मधोमध पोती किंवा खोकी रचायची, चारही डोळे वर आणून क्रेनच्या हुकात घालायचे. क्रेननं ओढ घेतली की जाळी मालाभोवती आवळते. मालाचा आकार कसाही असो, ती त्याच्याशी जमवून घेते. हा तिचा गुण. त्यातूनच तिचे दोष निघतात. आवळताना ती तळची खोकी चेपते. घरापेक्षा लहान वस्तू खाली गळते, म्हणून आत आधी ताडपत्री टाकावी लागते. आणि एखाद्या खोक्याची पत्र्याची कड दोरावर आली, तर ओझं वर जाता जाता ती कड दोर कापत राहते.

चांगली जाळी ओळखायची ती तिच्या सांध्यांवरून. साध्या जाळीत उभा दोर आणि आडवा दोर गाठ मारून जोडलेले असतात. पट्टीच्या कारागिरानं केलेल्या जाळीत गाठी सापडत नाहीत. तिथं एका दोराचे पेड उकलून त्यातून दुसरा दोर ओवलेला असतो, आणि कडेच्या डोळ्यांत पेड परत पेडांत गुंफलेले असतात. ही हौस नव्हे. गाठीत दोर एकदम वाकतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे धागे सगळा ताण घेतात आणि आतले रिकामे बसून राहतात. त्यामुळे गाठ मारलेल्या दोराची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. पेडांत पेड गुंफून केलेला सांधा नीट जमला, तर तूट दहा टक्क्यांच्या आसपास राहते. एकाच दुकानातला, एकाच जाडीचा दोर. पण ज्याच्या हातानं डोळा केला त्याच्यावर तो किती पेलणार हे ठरतं.

दुसरी गोष्ट कोनाची. ही शाळेत शिकवतात, पण ओझ्याशी जोडून शिकवत नाहीत. एक टनाचं ओझं दोन दोरांना टांगलं, की प्रत्येकावर अर्धा टन येणार असं सगळ्यांना वाटतं. दोन्ही दोर सरळ उभे असतील तर ते खरं. दोरांमधला कोन ६० अंशांचा झाला की प्रत्येकावर ५७७ किलो येतात. ९० अंशांचा झाला की ७०७. आणि हुक खाली ठेवून दोर पसरट लावले, कोन १२० अंशांवर गेला, की प्रत्येक दोरावर पुरता एक टन येतो. ओझं तेच, दोर तेच, फक्त हुक खाली राहिला. जाळीच्या चार कोपऱ्यांनाही हाच नियम लागू. त्यातच क्रेनवाल्यानं झटका दिला, म्हणजे ढिल्या दोरावर ओझं एकदम पडलं, की त्या क्षणापुरता ताण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. म्हणून दोर तुटतो तेव्हा तिथले लोक शपथेवर सांगतात की ओझं जास्त नव्हतं. ते खोटं बोलत नसतात.

वऱ्हाडाला दोराची विद्या नवी नाही. कपाशीत अंबाडीचे एक-दोन तास पेरायची रीत होती. पाला भाजीला, बोंडं चटणीला, आणि दांड्यांचा वाख दोराला. दांडे पाण्यात सडत घालायचे, साल सुटली की वाख काढून धुवायचा, वाळवायचा आणि मग पीळ द्यायचा. ही विद्या मुख्यतः मातंग समाजाच्या हातात होती. गावगाड्यानं तिच्या बदल्यात बलुत्याचं धान्य दिलं. मान दिला नाही. बैलाची येसण, मोरखी, कासरा, दावं, गाडीचं चऱ्हाट आणि मोटेचा नाडा-सोंदूर, सगळं त्याच हातांतून येई. त्यातला नाडा हा खरा ओझं टांगणारा दोर. पाण्यानं भरलेली मोट त्याच्यावर वर येई. तो मध्येच तुटला तर मोट विहिरीत, आणि धावेवर ओढीत चाललेले बैल तोंडघशी. म्हणून नाड्याकडे घरधन्याचं लक्ष असे. दोर तपासायला त्याला पुस्तक लागत नव्हतं. दोन्ही हातांत दोर धरून उलटा पीळ द्यायचा, पेड सुटे करायचे आणि आत बघायचं. आतले धागे लांब आणि चमकदार असले तर दोर जिवंत. भुकटी पडली, रंग काळवंडला, कुबट वास आला, तर दोर गेला, बाहेरून कितीही धट्टाकट्टा दिसो. आजही गोद्यांमध्ये नैसर्गिक धाग्याचा दोर तपासताना हेच करतात. फक्त तपासल्याची नोंद वहीत होते.

मग प्लॅस्टिकचे दोर आले. महाराष्ट्राला यातलं मोठं नाव घरचंच आहे: १९७६ साली सुरू झालेली पुण्याची गरवारे वॉल रोप्स, आताची गरवारे टेक्निकल फायबर्स. वाईच्या कारखान्यातून निघालेली तिची जाळी आणि दोर देशोदेशीच्या समुद्रात आहेत. प्लॅस्टिकच्या दोरानं शेतकऱ्याचा मोठा त्रास वाचवला, यात शंका नाही. तो सडत नाही, पाण्यानं फुगत नाही, उंदराला फारसा आवडत नाही, स्वस्त आहे. पण तो म्हातारा झाल्याचं सांगत नाही, हीच अडचण. वास नाही, भुकटी उशिरा. अमरावतीच्या बाजारात कुठल्याही प्लॅस्टिकच्या दोराला नायलॉन म्हणूनच मागतात, आणि दुकानदार काढून देतो तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. दोघांचे स्वभाव वेगळे. नायलॉन ताणला जातो, झटका पोटात घेतो. पॉलिप्रॉपिलीन हलका, पाण्यावर तरंगणारा, पण ऊन त्याचा शत्रू. उन्हापासून बचावाचं रसायन त्यात घातलेलं नसेल, तर अतिनील किरणं त्याला वरून ठिसूळ करत जातात. मे महिन्यात जिथं पारा ४५च्या वर सहज जातो, त्या मुलखात दोर वर्षभर उघड्यावर, गाडीच्या टपावर किंवा विहिरीच्या काठावर पडलेला असतो. नखानं खरवडल्यावर पांढरी पावडर सुटू लागली, की त्यानं काही टांगायचे दिवस संपले असं समजावं.

आता कापसाकडे. हा मुलूख ओझ्यावरच नावारूपाला आला. रेल्वेच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे जाई, तिथून गंगेनं कलकत्त्याला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. पाठोपाठ बडनेरा-अमरावतीचाही झाला. एका बाजारगावासाठी खास फाटा काढावा, एवढा तेव्हा कापसाचा भाव होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची सवय लावली होती, आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत, आपल्या उमरावतीवरून. दाबलेल्या गाठी मुंबईला जात. तिथं कापसाचं मैदान आधी कुलाब्याला होतं, पुढं शिवडीला गेलं. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाचं नाव तिथलंच. १८८०ची प्रिन्सेस डॉक, १८८८ची व्हिक्टोरिया डॉक, १९१४ची अलेक्झांड्रा डॉक. या गोद्यांच्या धक्क्यावर वऱ्हाडातल्या गाठी पहिल्यांदा हवेत गेल्या.

गाठ ही उचलायला फसवी चीज आहे. तिच्याभोवती पट्ट्या आवळलेल्या असतात आणि त्यांत आकडा अडकवावा असा मोह कुणालाही होतो. पट्टी गाठ दाबून ठेवायला असते, तिचं वजन पेलायला नसते. ती निसटली की १७० किलो खाली. हा मोह इतका जुना आणि इतका जगभरचा, की गोदी कामगारांच्या सुरक्षेचे नियम झाले तेव्हा त्यांत कापूस, लोकर, बारदान अशा मालाच्या गाठींची नावं घेऊन लिहावं लागलं, की गाठींच्या पट्ट्यांना हूक लावायचा नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेत कापसाचं नाव येतं, तेव्हा त्याआधी कुठल्या तरी धक्क्यावर कुणी तरी मेलेलं असतं, असं मी समजतो.

त्या कायद्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. गोदीतल्या अपघातांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात १९३२ साली झाला. त्याला धरून हिंदुस्थानात १९३४ साली गोदी कामगार कायदा मंजूर झाला. त्याचा अंमल सुरू व्हायला फेब्रुवारी १९४८ उजाडलं. मधली चौदा वर्षं कायदा पुस्तकात होता आणि माणूस दोराखाली. १९४८ हे वर्ष मात्र दोरांच्या दृष्टीनं चांगलं गेलं. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमातलं २९वं कलम सगळं उचलण्याच्या साधनांबद्दल होतं. दोर, साखळी, स्लिंग, हूक, शॅकल, जे काही ओझ्याला लागतं ते मजबूत आणि निर्दोष असलं पाहिजे. ते किती पेलतं हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. त्याहून जास्त त्यावर घालायचं नाही. आणि बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून त्याची कसून तपासणी झाली पाहिजे. गोद्यांसाठी पुढं १९८६ साली सुरक्षेचा नवा कायदा आला, १९९० साली त्याचे नियम. मधल्या काळात १९६९ साली महाराष्ट्रानं अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा केला आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्याला पहिल्यांदा कागदावर कामगार म्हटलं. गोदीत युनियन होती, निरीक्षक होता, वही होती. सगळं नीट चालत होतं असं कोणी म्हणणार नाही. पण खराब स्लिंग दिसली तर ‘ही नको’ म्हणणाऱ्याच्या मागं कोणी तरी उभं होतं.

नेमकं तेव्हाच गोदीतून जाळी हद्दपार व्हायला लागली, आणि त्या गोष्टीतही कापूस आहे. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला ट्रकवाला. १९३७ साली तो नॉर्थ कॅरोलायनातून कापसाच्या गाठी घेऊन न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या धक्क्यावर गेला. तिथं हमाल एकेक नग ट्रकमधून काढत होते, स्लिंगमध्ये घालत होते, वर पाठवत होते, आणि जहाजाच्या पोटात दुसरे हमाल ती स्लिंग सोडत होते. दिवसभर ताटकळत बसून त्याच्या मनात आलं, अख्खा ट्रकच का उचलू नये? ही गोष्ट त्यानं स्वतः उतारवयात सांगितली, आणि इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पुढचं मात्र पक्कं आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून निघालं. सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडत होते. पेटीनं तो खर्च १६ सेंटांवर आणला. कंटेनरचं युग सुरू झालं. आपल्याकडे १९८९ साली न्हावा शेवा बंदर झालं, आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांतली गर्दी ओसरत गेली.

आज नांदगाव पेठच्या एमआयडीसीतून निघालेलं सूत किंवा कापड आवारातच कंटेनरमध्ये भरलं जातं, दाराला सील लागतं, आणि थेट परदेशातल्या गोदामात ते उघडतं. बंदरावर त्याला माणसाचा हात लागत नाही, जाळी तर नाहीच. जाळी उरली ती जहाजांवर भाजीपाला, सुटे भाग, दोरखंड चढवायला, आणि समुद्रातल्या तेलाच्या फलाटांकडे सामान न्यायला. पोत्यांची जागा बऱ्याच ठिकाणी जंबो बॅगनं घेतली. चार कानांची ही विणलेली पिशवी म्हणजे जाळी आणि पोतं एकत्र. एकदा वापरायची असेल तर लिहिलेल्या वजनाच्या पाचपट आणि पुन्हापुन्हा वापरायची असेल तर सहापट ताकद तिच्यात असावी लागते. गावोगाव पाचपटवाली पिशवीच वर्षानुवर्षं वापरात असते, हा भाग वेगळा.

म्हणजे लोंबतं ओझं संपलं का? ते फक्त गोदीतून उठलं. जिथं कायदा, युनियन आणि निरीक्षक होते तिथून ते निघालं, आणि जिथं यातलं काहीच नाही तिथं, आत मुलखात, येऊन बसलं. कंटेनरच्या कौतुकात ही बाजू कोणी सांगत नाही.

नांदगाव पेठ परिसराकडेच पाहा. १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प इथं उभा राहिला, टेक्स्टाइल पार्कात गिरण्या आल्या, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून पंतप्रधानांनी अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी केली. तो हजार एकरांचा. कारखाना उभा राहतो म्हणजे हजारो वेळा काही तरी वर उचललं जातं. खांब, कैच्या, पत्रे, बॉयलरचे भाग, सूतकताईची यंत्रं. हे काम हायड्रा करते. कंपनी कोणतीही असो, पुढं दांडा असलेल्या त्या बुटक्या क्रेनला हायड्राच म्हणायचं. तिच्या हुकाला असतो पट्टा. या पट्ट्यांचे रंग सगळीकडे ठरलेले आहेत: जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पट्ट्याला शिवलेली एक चिठ्ठी असते. ती निळी असेल तर पट्टा पॉलिएस्टरचा, हिरवी असेल तर नायलॉनचा, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा. त्यावर किती पेलेल ते लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तुटायला त्याच्या सातपट ताण लागेल एवढी ताकद नव्या पट्ट्यात असते. ही चिठ्ठी सगळ्यात आधी फाटते. चिठ्ठी गेलेला पट्टा नियमानं बाद, आणि व्यवहारात सगळ्यात जास्त वापरात.

कापडाच्या गिरणीत यावर आणखी एक मेख आहे. ब्लीचिंग, मर्सरायझिंग, रंगाई या खात्यांत कॉस्टिक सोडा रोजचाच. पॉलिएस्टरला तीव्र अल्कलीचं वावडं असतं. कॉस्टिक त्याला हळूहळू खातं. नायलॉनला अल्कली चालतं पण अ‍ॅसिड चालत नाही. म्हणजे रंगाईखात्यात निळ्या चिठ्ठीचा पट्टा नको आणि बॅटऱ्यांच्या खोलीत हिरव्या चिठ्ठीचा. बॉयलरजवळ पॉलिप्रॉपिलीन नको, कारण ८० अंशांच्या पुढं त्याचा भरवसा नाही. हे सगळं त्या इंचभर चिठ्ठीच्या रंगात मावलेलं आहे. पण कंत्राटदाराची पोरं कुठला तरी पट्टा कुठूनही उचलून आणतात, आणि कॉस्टिकच्या थारोळ्यात पडलेला पट्टा दुसऱ्या दिवशी मोटर उचलायला जातो. वरवर पाहता त्याला काही झालेलं नसतं.

तरी कारखान्याला २९वं कलम होतं, कुंपण होतं, सेफ्टी ऑफिसर नावाचा माणूस होता. कुंपणाबाहेर शेतात या. नांदगाव पेठच्या भोवतीची जमीन वरून काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यासारखं इथलं पाणी खारट नाही, म्हणून विहिरी खणाव्याशा वाटतात आणि खणल्या जातात. पन्नास-साठ फूट, पाषाणातून. सुरुंग लावायचा, मलबा लोखंडी बादलीत भरायचा, आणि काठावरच्या क्रेननं तो वर ओढायचा. जुनी माणसं तिला यारी म्हणतात. तीन पायांचा सांगाडा, डिझेलचं इंजिन, एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला वायररोप आणि टोकाला बादली. टोळी पाच-सहा जणांची. दोघं वर, बाकी खाली. मलबा वर येतो त्याच बादलीत उभं राहून माणसं खाली जातात आणि वर येतात. वायररोप तुटून, ब्रेक सुटून किंवा सांगाडा कलंडून विहिरीत मजूर दगावल्याच्या बातम्या विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात येतात. चार ओळी, आतल्या पानावर.

हिशेब करून पाहिला. पन्नास फुटांवरून दगड सुटला तर तळाशी पोचायला त्याला पावणेदोन सेकंद लागतात, आणि पोचताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर असतो. विहिरीच्या तळाला बाजूला व्हायला जागा नाही. गोदीतला नियम सांगतो, की लोंबत्या ओझ्याखाली उभं राहू नका. विहिरीत तो पाळायचा म्हटलं तर काम करायला जागाच उरत नाही. म्हणून विहिरीच्या दोराकडे गोदीतल्या दोरापेक्षा जास्त लक्ष हवं. आणि नेमकं तिथंच कायदा हात काढून घेतो. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता. विहिरीची टोळी दहाच्या आतली. कारखाने अधिनियमाला आधी कारखाना लागे. दोर मालकाचा, क्रेन भाड्याची, विहीर शेतकऱ्याची आणि जीव मजुराचा.

माणूस दोराला टांगून न्यायचाच असेल तर तो कसा न्यावा, याचंही उत्तर जगाकडे आहे, आणि ते आपल्या मुंबईपासून दीडशे-एक किलोमीटरवर समुद्रात रोज वापरात आहे. १९७४ साली सागर सम्राट या रिगनं बॉम्बे हायमध्ये तेल शोधलं, तेव्हापासून बोटीवरून फलाटावर माणसं क्रेननं चढवतात. त्यासाठी शंकूसारखी दोरांची टोपली असते. खाली फुगीर कडं, वर निमुळती होत गेलेली जाळी. गंमत अशी, की माणसं टोपलीच्या आत बसत नाहीत. आत सामान. माणसं बाहेरच्या कड्यावर उभी राहतात, तोंड आत, दोन्ही हातांनी जाळी धरून. काही बिघडलं तर हात सोडून मोकळं होता यावं म्हणून. मुख्य दोराशिवाय एक जादा दोर असतो, पहिला गेला तर धरायला. एवढं करूनही २७ जुलै २००५ रोजी अनर्थ झाला. हात दुखावलेल्या एका स्वयंपाक्याला बोटीवरून फलाटावर चढवायला ‘समुद्र सुरक्षा’ जहाज बॉम्बे हाय नॉर्थ फलाटाजवळ गेलं. टोपलीनं आपलं काम नीट केलं; त्यानंतर लाटांनी हेलकावलेलं जहाज फलाटाच्या वायूवाहिनीवर आदळलं, आग लागली, २२ माणसं गेली आणि दोन तासांत फलाट उरला नाही. दोर शाबूत असणं म्हणजे सगळं झालं असं नव्हे, हे त्या दिवशी दिसलं. पण दोरच शाबूत नसेल तर पुढचा विचार करण्याइतकाही वेळ मिळत नाही.

विहिरीवर समुद्रासारखी टोपली आणा, असं मी म्हणत नाही. ते परवडणार नाही, आणि न परवडणाऱ्या सूचना करणं हा शहरातल्या लेखकांचा आवडता धंदा आहे. परवडण्यासारख्या दोन गोष्टी मात्र आहेत. रोजगार हमीतून विहिरीला पैसे मिळतात. २०२२ साली ती रक्कम ४ लाखांवर नेली. त्या पैशांसाठी कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यावरचा असे फोटो काढून जागेच्या नोंदीसह चढवावे लागतात. ग्रामरोजगार सेवक ते करतोच. त्यात चौथा फोटो घालावा: ड्रमवरचा वायररोप, त्याचं हुकाकडचं टोक आणि तो विकत घेतल्याची पावती. वायररोपची तपासणी अवघड नाही. फडक्यानं तो धरून हळूहळू सोडायचा. तुटलेल्या तारा फडक्यात अडकतात. एका जागी बऱ्याच तारा अडकू लागल्या, दोर कुठं चपटा झाला, पिळाबाहेर फुगला किंवा गंजून कडक झाला, की तो बाद. टोकाचा डोळा क्लॅम्पनं केला असेल तर कमीत कमी तीन क्लॅम्प हवेत, आणि क्लॅम्पचा यू-बोल्ट दोराच्या रिकाम्या टोकाकडे, वजन पेलणाऱ्या अंगाकडे खोगीर. उलटा लावलेला यू-बोल्ट वजन पेलणाऱ्या दोरालाच चेपतो. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात आणि तपासायला मोबाइलचा कॅमेरा.

दुसरी गोष्ट बाद दोराची. वऱ्हाडात दोर कोणी फेकत नाही. क्रेनवरून उतरलेला दोर म्हशीला जातो, म्हशीवरून कपडे वाळत घालायला. त्याला हरकत नाही. पण हंगामात घाई होते, नवा दोर अमरावतीहून यायला दोन दिवस लागणार असतात, आणि गोठ्यातला तो दोर पुन्हा ड्रमवर चढतो. म्हणून कारखान्यांत बाद पट्टा कापून टाकायचा दंडक आहे, मधोमध, सगळ्यांसमोर. विहिरीच्या दोरालाही तोच लावावा. हात-दोन हातांचे तुकडे करावेत. त्यांनी वासरू बांधता येईल, माणूस टांगता येणार नाही.